घरात मान वर न करणारा मुलगा फॅनपेजवर शिव्या का देतो?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका आईने विचारला आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आजीला दवाखान्यात नेतो, गणपतीत मंडळाचं काम करतो, घरात मान वर करून बोलत नाही. एका क्रिकेटपटूचं फॅनपेज चार-पाच पोरं मिळून चालवतात, त्यातला तो एक. हे घरी माहीत होतं, थोडं कौतुकही होतं. मग मावसबहिणीने स्क्रीनशॉट पाठवले. त्या क्रिकेटपटूच्या खेळावर टीका करणाऱ्या एका महिला समालोचकाला या मुलाने जे लिहिलं होतं, ते आईला शेवटपर्यंत वाचवेना. त्या विचारतात, "याच्या मनात एवढं विष आलं कुठून? आणि आता आम्ही करायचं काय?"

ताई, माझं मत आधीच सांगून टाकतो. विष फारसं नाहीच, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. त्या बाईंबद्दल तुमच्या मुलाला बहुधा काहीच वाटत नव्हतं. कमेंट त्यांच्या पोस्टखाली पडली, पण लिहिली होती ग्रुपमधल्या पोरांसाठी.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतोय. कॉलेजची पोरं येतात, बहुतेकांना आईवडील आणतात, एखाद्याला पोलिसांचं बोलावणं आल्यावर वकील पाठवतात. ट्रोलिंग केलेल्या मुलाला मी तीन गोष्टी विचारतो: काय लिहिलंस, कुणाला लिहिलंस, आणि लिहिल्यावर काय झालं? पहिल्या प्रश्नाला मान खाली जाते. दुसऱ्याचं उत्तर अडखळत येतं; एकाला तर जिला शिव्या घातल्या तिचं नावही आठवत नव्हतं, "ती न्यूजवाली" एवढंच. तिसऱ्या प्रश्नाला मात्र डोळे चमकतात. "मोठ्या अ‍ॅडमिननं स्टोरीला टाकली की सर. सगळी म्हणाली, भावा नाद खुळा." लाइक किती आले, कुणी टॅग केलं, कुणी फायर इमोजी टाकला, हे सगळं तोंडपाठ असतं. ज्या मुलाला वर्गात, घरात, भाऊबंदकीत कुणी फारसं विचारत नाही, त्याला त्या रात्री मान मिळालेला असतो. तो कशाच्या बदल्यात मिळाला, हे त्याच्या हिशेबातच नसतं.

'बेकार, अडाणी पोरं हे करतात' हा समज इथेच सोडून द्या. २०२१ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून हरला, मोहम्मद शमीवर धर्मावरून चिखलफेक झाली, कोहलीने शमीची बाजू घेतली आणि मग कोहलीच्या तान्ह्या मुलीला बलात्काराची धमकी आली. त्यात अटक झाली ती चांगलं शिकलेल्या, तेविशीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला. पुढे तक्रारदाराच्या संमतीने उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, पण त्याच्या नावापुढे काय चिकटलं असेल याचा विचार करा.

आता यात स्टारचा भाग किती? आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं: टीव्हीवर रोज दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जडतं. प्रेक्षक त्याला ओळखतो, तो प्रेक्षकाला ओळखत नाही, तरी नात्याची ऊब खरी असते. तेव्हा टीव्ही दिवाणखान्यात होता. आज तोच माणूस खिशात असतो, सकाळी जिममधून बोलतो, दुपारी जेवणाचं ताट दाखवतो, रात्री मुलीला झोपवतानाचा फोटो टाकतो. वीस वर्षांच्या मुलाला तो सख्ख्या दादापेक्षा जवळचा वाटला तर त्यात वेडेपणा काही नाही. एकलकोंड्या वयात हे नातं आधारही देतं. बहुतेक चाहते तिथेच थांबतात आणि आयुष्यभर सुखाने चाहते राहतात.

त्यापुढची पायरी म्हणजे स्टारचं यश आपलं वाटणं. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक साधी गोष्ट टिपली. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येत. बोलतानाही जिंकल्यावर 'आम्ही' जिंकलो आणि हरल्यावर 'ते' हरले. कोल्हापूरकराला हे शिकवायला अमेरिका कशाला हवी! २०२२ मध्ये मेस्सीने कप उचलला त्या रात्री आपल्या पेठांत फटाके वाजले. अर्जेंटिनात कधी पाऊल न ठेवलेला माणूस 'आपण जिंकलो' म्हणत होता आणि कुणाला ते खटकलं नाही.

पण 'आपण' म्हटलं की हारही आपली होते. ज्याच्याकडे स्वतःचं म्हणून दाखवायला थोडं असतं, त्याला ती जास्त झोंबते. परीक्षेत विषय राहिलेत, घरात पैशांची ओढाताण आहे, मुलीने नकार दिलाय, आणि एकच गोष्ट चांगली चाललीय ती म्हणजे 'आपला' खेळाडू. अशा वेळी कुणीतरी टीव्हीवर म्हणतं, याला आता बसवा. ऐकणाऱ्याला ते स्वतःवर आल्यासारखं वाटतं. म्हणून फलंदाजी कशी सुधारेल यावर वाद होत नाही, थेट बोलणाऱ्याच्या आईबहिणीवर जातात.

एवढ्याने मात्र एका माणसावर हजार माणसं तुटून पडत नाहीत. त्याला टोळी लागते, आणि ती कशी चालते हे पालकांना जवळपास माहीतच नसतं.

एक मोठं पेज असतं, लाखभर फॉलोअरचं. त्याच्या आगेमागे वीस-पंचवीस छोटी पेजेस. सगळ्यांचे अ‍ॅडमिन एका बंद ग्रुपमध्ये. सामना हरला, सिनेमा पडला किंवा कुणी काही बोललं की ग्रुपमध्ये आधी एक स्क्रीनशॉट पडतो. मागचंपुढचं कापलेलं एकच वाक्य, वर लाल गोल, "बघा ही काय म्हणते." मूळ मुलाखत कुणी बघत नाही. मग हाक येते, "भावांनो, कमेंट बॉक्स भरून टाका." पहिली काही मिनिटं विनोद चालतात, काही खरोखर हुशारीचे असतात. पण विनोदात पुढच्याला मागे टाकायचं तर आधीच्यापेक्षा जास्त बोचरं लिहावं लागतं, आणि सगळ्यांत सोपा जास्तपणा म्हणजे घाण. अर्ध्या तासात भाषा कुठून कुठे जाते! कुणी जुने फोटो उकरतो, कुणी नवऱ्याचं, मुलांचं अकाउंट शोधतो, कुणी फोटोशी खेळ करतो. काही जण नुसतं 'रिपोर्ट मारायचं' काम करतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून समोरच्याचं अकाउंट बंद पाडायचं. शेवटी त्या व्यक्तीने कमेंट बंद केल्या की विजय साजरा होतो: "पळाली!"

यात प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं? एक कमेंट, दोन रिपोर्ट, एक शेअर. माझ्यासमोर बसलेली पोरं प्रामाणिकपणे म्हणतात, "मी एकच केलती सर, बाकीची बघा की काय काय करालेत." खोटं नसतं ते. पण समोरच्या फोनवर त्या एकेक मिळून हजार येतात, झोपेत येतात, आठवडाभर येत राहतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने माणूस स्वतःच्या सदसद्विवेकाला कसा गुंगारा देतो याच्या काही वाटा दाखवल्या आहेत. जबाबदारी वाटून टाकणं, कृतीला गोड नाव देणं, समोरच्याला माणूस न मानणं, आणि 'तिनेच ओढवून घेतलं' म्हणणं. फॅनपेजच्या ग्रुपमध्ये या चारही वाटा एकाच संध्याकाळी दिसतात. शिव्यांना तिथे शिव्या म्हणत नाहीत; 'जागा दाखवली' म्हणतात.

टोळीबद्दल अजून एक जुना प्रयोग मला फार पटतो. हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गट पाडले आणि पैसे वाटायला सांगितले. कोण कुठल्या गटात हेही मुलांना नीट ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच काय, अंतर वाढणार असेल तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, अशी निवडही केली. दोन नटांच्या चाहत्यांची भांडणं बघा. स्वतःच्या नटाचा सिनेमा बघण्यापेक्षा दुसऱ्याचा पाडण्यात जास्त वेळ जातो.

आपल्याकडचे लोक यावर म्हणतात, "कोल्हापुरात ईर्षा जुनीच आहे, त्यात नवीन काय?" खरं आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि शिवाजी तरुण, नाहीतर दिलबहार आणि प्रॅक्टिस हे पेठांचे संघ समोरासमोर आले की काय होतं ते मी गॅलरीत बसून बघितलंय. हुल्लडबाजी झालीय, दगडंही आलीत. पेठेची ईर्षा फार सोज्ज्वळ होती असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर काही लगाम होते. समोरचा कोण आहे, कुणाचा पोरगा आहे, हे माहीत असायचं. दुसऱ्या दिवशी तोच मिसळीच्या दुकानात शेजारी बसायचा. आणि तालमीत एखादा वस्ताद किंवा जुना खेळाडू असायचा, ज्याच्या एका हाकेने पोरगं गप्प व्हायचं. फॅनपेजच्या ग्रुपमध्ये वस्ताद नाही. तिथे सगळ्यांत वरचा माणूस म्हणजे मोठा अ‍ॅडमिन, आणि त्याचं दुकानच भांडणावर चालतं. भांडण झालं की पेज वाढतं, पेज वाढलं की जाहिराती येतात. तुमच्या मुलाला लाइक मिळतात, पैसा भलत्यालाच.

फोनवरचा राग फोनमध्येच राहतो, असंही समजू नका. २०२४ च्या आयपीएलमध्ये आपल्याच करवीर तालुक्यातल्या एका गावात, रोहित शर्मा बाद झाल्यावर आनंद दाखवला म्हणून साठी ओलांडलेल्या एका माणसाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. तो हंगाम कसा होता आठवा: मुंबईचं कर्णधारपद रोहितकडून हार्दिककडे गेलेलं, महिनोन्‌महिने रात्रंदिवस त्यावरच मीम आणि शिवीगाळ. त्या गावात नेमकं काय घडलं याची कारणं मी इथे बसून ठरवणार नाही. पण एका बाद होण्यावर एवढं काही अवलंबून आहे असं वाटायला लावणारी हवा कुठे तयार होत होती, हे आपण सगळे बघत होतो.

तुमच्या मुलाच्या कमेंटमधला सर्वांत घाणेरडा भाग ती व्यक्ती बाई आहे म्हणून होता, हे तुम्हाला जाणवलं असेलच. तो योगायोग नाही. स्टार चुकतो तेव्हा चाहत्याला दोनच रस्ते असतात: 'तो चुकला' हे मान्य करायचं, नाहीतर दोषाला दुसरा खांदा शोधायचा. तो खांदा बहुतेक वेळा बाईचा सापडतो. २०१५ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात सिडनीला कोहली एका धावेवर बाद झाला आणि शिव्या खाल्ल्या अनुष्का शर्माने. पुढच्या वर्षी कोहलीने जाहीरपणे लाज काढली तेव्हा कुठे थोडा वचक बसला. सुशांतसिंह राजपूत गेला जून २०२० मध्ये. रिया चक्रवर्तीला तेव्हापासून जे सहन करावं लागलं ते आपण घरबसल्या पाहिलं; मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तोवर शिव्या देणारे कधीच पुढच्या विषयाकडे निघून गेले होते. आपल्या शेजारच्या कर्नाटकात अभिनेता दर्शन खून प्रकरणात आरोपी आहे. रेणुकास्वामी हा त्याचाच चाहता, दर्शनच्या मैत्रिणीला अश्लील मेसेज पाठवायचा म्हणून मारला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. खटल्याचा निकाल व्हायचा आहे. जुलै २०२५ मध्ये अभिनेत्री रम्या हिने रेणुकास्वामीच्या घरच्यांना न्याय मिळावा म्हटलं, तर दर्शनच्या चाहत्यांनी तिच्यावर तसल्याच मेसेजचा मारा केला. तिने बंगळुरू पोलिसांत तक्रार दिली, अटका झाल्या. म्हणजे एका बाईला पाठवलेल्या घाण मेसेजपासून सुरू झालेली गोष्ट, नायकाच्या रक्षणासाठी दुसऱ्या बाईला तसेच मेसेज पाठवण्यापर्यंत आली. करणाऱ्यांना यात विसंगती दिसली नाही.

बाई नसेल तर धर्म, जात, प्रांत, जे आधीच हाताशी आहे ते उचललं जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्शदीप सिंगच्या हातून आशिया चषकात एक झेल सुटला, आणि लगेच त्याला खलिस्तानी ठरवणाऱ्या पोस्ट फिरल्या. झेलाने तो द्वेष तयार केला नाही. झेलाने त्याला फक्त निमित्त दिलं.

फोनने आपल्या बाजूने काय भर घातली हे थोडक्यात सांगतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नाव लपवता येतं, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही. त्यामुळे माणूस पडद्याआड सैल सुटतो, हे जॉन सुलर यांनी २००४ मध्येच मांडलं होतं. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की संतापाच्या पोस्टला ज्यांना जास्त लाइक-शेअर मिळतात, ते पुढे आणखी संतापाने लिहू लागतात. ही सवय लागते, लावली जाते. त्या बक्षिसाची चटक कमी वयात जास्त असते, याला अभ्यासाची गरज नाही, माझी ओपीडी पुरे आहे.

स्टार मंडळींना मी यातून सोडत नाही. २०१९ च्या विश्वचषकात ओव्हलवर भारतीय प्रेक्षक स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवत होते, तर कोहलीने हाताने खुणावून त्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची हुर्यो थांबवा अशी खूण खुद्द रोहितने केली. दोन सेकंदांची गोष्ट. पण बहुतेक जण गप्प बसतात, कारण हीच टोळी सिनेमा पहिल्या दिवशी हाऊसफुल्ल करते आणि रिअ‍ॅलिटी शोला मतं देते. २०२४ च्या बिग बॉस मराठीत इचलकरंजीचे धनंजय पोवार होते तेव्हा आपल्या भागात मतांसाठी काय उत्साह होता! मजा होती त्यात, मीही मत दिलं. पण त्याच हंगामात घरातल्या बायकांबद्दल बाहेर जे लिहिलं गेलं, ते कुठल्याच बाजूने कुणी रोखलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

आज रात्री फोन काढून घेऊ नका. घेतलात तर तो मित्राच्या फोनवरून त्याच ग्रुपमध्ये जाईल आणि तिथे हुतात्मा होईल. 'आम्ही तुला हेच शिकवलं का' हेही नको. त्यावर तो रडेल, पाया पडेल आणि काही बदलणार नाही. दोघं निवांत बसा आणि मी विचारतो ते तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर मध्ये न बोलता ऐका. त्याला कुणाची शाबासकी हवी होती ते तिथे कळेल. मग त्याने लिहिलेली कमेंट त्याला मोठ्याने वाचायला सांगा, तुमच्यासमोर, एकदाच. स्क्रीनवरचं वाक्य स्वतःच्या तोंडून आईसमोर आलं की मुलाला पहिल्यांदा ते ऐकू येतं. वडील रागीट असतील तर या वेळी ते खोलीत नसलेले बरे.

पोलिसांकडून काही आलेलं नसेल तर कमेंट काढून टाकायची आणि जिथे लिहिली तिथेच दोन ओळींची माफी लिहायची. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असली माफी नको. मी हे लिहिलं, ते चूक होतं, एवढंच. त्या बाईंना खासगी मेसेज करून माफी मागू देऊ नका. हजार अनोळखी मेसेज आलेल्या माणसाला हजारएकावा नको असतो. पण नोटीस किंवा फोन आला असेल तर काहीही न पुसता आधी वकील गाठा. पुरावा नष्ट केला असा अर्थ निघू शकतो.

कायद्याचं त्याला स्पष्ट सांगा, भीती घालण्यासाठी नाही, माहितीसाठी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, म्हणून 'आता ऑनलाइन काहीही चालतं' असं ग्रुपमध्ये सांगतात. चुकीचं आहे. आयटी कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर टाकला किंवा पुढे पाठवला तरी पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक कृत्याचा मजकूर असेल तर ६७अ, पाच वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेल्या शब्दांना कलम ७९, सतत पाठलागाला ७८, धमकीला ३५१. आणि नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. तुमचा मुलगा अठराच्या पुढे आहे, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाणार नाही. फेक आयडी पोलिसांना सापडत नाही हाही गैरसमजच.

उलट बाजूच्या घरांतूनही मला फोन येतात, म्हणून एवढं लिहून ठेवतो. मुलीवर असा मारा झाला तर उत्तर देत बसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक, अकाउंटचं नाव आणि वेळ दिसू द्या, मगच ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तिचा फोन काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. सगळं तिनेच वाचलं पाहिजे असं नाही. झोप उडाली, जगणं नको वाटतंय असं बोलली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मुलाकडे परत येतो. तो ग्रुप सोडेल तेव्हा त्याची पत आणि संध्याकाळ दोन्ही रिकामी होणार आहेत, आणि नेमकं हेच पालक विसरतात. रागावून ग्रुप सोडायला लावलेली बरीच पोरं काही आठवड्यांत दुसऱ्या आयडीने परत गेलेली मी पाहिली आहेत, कारण बाहेर त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. तुमचा मुलगा एडिट चांगले करतो, असं तुम्हीच लिहिलंय. ते कसब मंडळाला द्या, तालमीच्या संघाला द्या, कॉलेजच्या कार्यक्रमाला द्या. जिथे नावाने ओळखतील आणि चुकलं तर तोंडावर सांगतील अशी कुठलीही जागा चालेल. क्रिकेटपटू आवडणं सोडायला लावू नका. सामना त्याच्याबरोबर बसून बघा, हवं तर.

काही मुलांचं प्रकरण एवढ्यावर भागत नाही. स्टार आपल्याशी खुणेने बोलतो असं वाटणं, त्याच्या हारीनंतर जेवणखाण सोडणं किंवा स्वतःला इजा करणं, एकाच व्यक्तीचा अनेक आयडींवरून महिनोन्‌महिने पिच्छा पुरवणं, किंवा कमेंट वाचून दाखवताना चेहऱ्यावर काहीच न उमटणं. यातलं काही दिसलं तर समुपदेशनाची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

महिनाभराने त्याला सहज विचारा, दुसरी आयडी आहे का. चिडला तर आहे असं समजा आणि भांडू नका. तो माझ्याकडे यायला तयार नसेल तर पहिल्या भेटीला तुम्ही आणि त्याचे वडील या. तो नसला तरी काम सुरू करता येतं.